कॅपिबारा: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नोकरीनिमित्त मी तीन वर्षं ब्राझीलमध्ये होते, साओ पाउलो राज्यातल्या कॅम्पिनास शहरात. घराजवळ तळं होतं. संध्याकाळी तिथे फिरायला गेलं की काठावरच्या गवतात कॅपिबारा चरताना दिसायचे. परत येऊन बरीच वर्षं झाली, पण आजही घरच्यांच्या ग्रुपवर कॅपिबाराचा व्हिडिओ आला की पाठोपाठ मला प्रश्न येतात. भाचरं विचारतात, त्यांच्या आया विचारतात, आमचे शेजारचे काकासुद्धा विचारतात. तीच उत्तरं इथे एकदा नीट लिहून काढली आहेत. वाचताना एक गोष्ट मनात धरा: हा पाण्याचा प्राणी आहे. त्याचं अंग, त्याचा कळप, त्याची भीती आणि ज्याचं सगळ्यांना कौतुक वाटतं तो त्याचा शांतपणा, या सगळ्याचा उलगडा पाण्याजवळ होतो.

कॅपिबारा म्हणजे नेमका कोणता प्राणी?

जगातला सर्वांत मोठा कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी सर्वांत मोठा. उंदीर, घूस, खार, साळिंदर ही सगळी याच गणातली मंडळी. कॅपिबारा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थ होतो ‘पाणडुक्कर’. सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७६६ साली त्याची नोंद केली तेव्हा त्याला डुकरांच्याच यादीत घातलं होतं. लांबून पाहिलं तर तशी चूक कोणाचीही होईल. पिंपासारखं अंग, आखूड पाय, शेपटी नावालाही नाही. जवळ गेल्यावर मात्र दात दिसतात आणि शंका उरत नाही.

याचा एक लहान भाऊबंदही आहे. तो पनामात आणि कोलंबिया-व्हेनेझुएलाच्या वायव्य भागात सापडतो. आपण व्हिडिओत पाहतो तो बहुतेक वेळा मोठाच असतो.

म्हणजे मोठा उंदीरच ना?

नात्यातला आहे, पण उंदीर नाही. हे नातं आपल्याकडच्या प्राण्यांवरून चांगलं समजतं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हाही कृंतकच. आणि सह्याद्रीत रात्री कंदमुळं उकरणारं साळिंदर तर शेकरूपेक्षाही कॅपिबाराला जास्त जवळचं. साळिंदर आणि कॅपिबारा कृंतकांच्या एकाच शाखेतले, शेकरू आणि खार वेगळ्या शाखेतल्या.

या शाखेतले कॅपिबाराचे पूर्वज चार कोटींहून जास्त वर्षांपूर्वी दक्षिण अमेरिकेत पोचले. तेव्हा हा खंड चहूबाजूंनी पाण्याने वेढलेला होता. आफ्रिकेतून वाहत आलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यांवर बसून ते तिथवर आले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. अटलांटिक त्या काळी आजच्याइतका रुंद नव्हता. पुढे त्या खंडात त्यांना मोकळं रान मिळालं आणि त्यांच्यातून नाना प्रकार निघाले. गिनीपिग तिथलाच, आणि तो कॅपिबाराच्याच कुळातला. उरुग्वेत तर शेकडो किलो वजनाच्या एका नामशेष कृंतकाची कवटी सापडली आहे. तिच्यापुढे आजचा कॅपिबारा लहानखुरा वाटेल.

तो केवढा असतो?

पूर्ण वाढलेला कॅपिबारा साधारण १०५ ते १३५ सेंटीमीटर लांब, खांद्याशी ५० ते ६० सेंटीमीटर उंच आणि ३५ ते ६५ किलो वजनाचा असतो. मादी नरापेक्षा थोडी जड भरते. ब्राझीलमध्ये ९१ किलोच्या एका मादीची नोंद आहे.

आकडे वाचून अंदाज येत नाही, म्हणून एक आठवण सांगते. पहिल्याच आठवड्यात तळ्याच्या पायवाटेवर एक मादी आडवी बसली होती. मी तिच्यापासून चार-पाच पावलांवर थांबले. व्हिडिओत तिचे केस मऊ दिसतात ना? तसे ते नसतात. लांब, राठ आणि विरळ, थेट काथ्याच्या पायपुसण्यासारखे, आणि मधून खालची कातडी दिसते. विरळ असल्यामुळेच ते पाण्यातून बाहेर आल्यावर चटकन वाळतात. पण त्यामुळेच कातडी उन्हाने भाजते, म्हणून भर दुपारी हे प्राणी पाण्यात नाहीतर चिखलात असतात. ती उठून गेली तेव्हा ओल्या मातीत पावलं उमटली होती. पुढच्या पायाची चार बोटं, मागच्याची तीन, आणि बोटांच्या मध्ये अर्धवट पडदा. बदकाच्या पायाइतका नाही, पण दिसण्याइतका.

नावाचा अर्थ काय? उच्चार कोणता खरा?

हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतला. अर्थ साधारण ‘बारीक पानं खाणारा’, म्हणजे गवत खाणारा. पोर्तुगीजमध्ये त्याचं ‘कापिवारा’ झालं आणि ब्राझीलमध्ये सगळे तेच म्हणतात. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मात्र प्रत्येकाचं नाव वेगळं: अर्जेंटिना आणि उरुग्वेत कार्पिंचो, व्हेनेझुएलात चिग्वीरे, कोलंबियात चिग्वीरो, पेरूत रोनसोको. मराठीत कॅपिबारा किंवा कॅपीबारा, दोन्ही चालतं. उरुग्वेच्या दोन पेसोच्या नाण्यावर कार्पिंचो कोरलेला आहे, तेव्हा तिकडे गेलात तर एखादं नाणं जपून आणा.

राहतो कुठे?

चिली सोडून दक्षिण अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक देशात, अँडीज पर्वताच्या पूर्वेकडे. नदीकाठ, तळी, दलदल, पुराचं पाणी पसरणारी गवताळ मैदानं, किनाऱ्याजवळची खारफुटी, सगळीकडे. अट दोनच गोष्टींची, बारमाही पाणी आणि पाण्यालगत कोवळं गवत. थोडी झाडी असली तर उत्तम, सावलीला आणि लपायला. घनदाट अरण्याच्या आत मात्र तो फारसा जात नाही, कारण तिथे जमिनीवर गवतच नसतं. अ‍ॅमेझॉन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जंगल येतं, पण कॅपिबारा तिथेही नदीचा काठ धरूनच राहतो.

तीन ठिकाणं मात्र त्याची खास म्हणावीत अशी.

पहिलं, व्हेनेझुएला आणि कोलंबियात पसरलेली यानोसची मैदानं. इथे साधारण मेपासून नोव्हेंबरपर्यंत पाऊस पडतो आणि मैलोन् मैल जमीन पाण्याखाली जाते. तेव्हा कॅपिबारा उंचवट्यांवर दहा-वीसच्या टोळ्या करून विखुरतात. पाऊस सरला की मैदान भेगाळतं, पाणी आक्रसून डबक्यांपुरतं उरतं, आणि आसपासच्या टोळ्या त्या डबक्यांभोवती गोळा होतात. अशा वेळी एका पाणवठ्यावर शंभर-शंभर कॅपिबारा दिसतात. दाटीवाटीने उभ्या असलेल्या कॅपिबारांचे फोटो पाहून कोणाला वाटतं की हे नेहमीच एवढ्या मोठ्या कळपात राहतात. तसं नाही. ते उन्हाळ्यातलं पाणी राखून बसलेले असतात.

दुसरं, पांतानाल. ब्राझील, बोलिव्हिया आणि पॅराग्वे या तीन देशांत मिळून दीड लाख चौरस किलोमीटरहून मोठी पाणथळ जागा, उष्ण कटिबंधातली जगातली सर्वांत मोठी. इथला पावसाळा नोव्हेंबर ते मार्च. २०२० साली दुष्काळात इथे वणवे लागले आणि ब्राझीलच्या हद्दीतल्या पांतानालचा सुमारे चौथा हिस्सा जळाला. त्या वर्षी मी रोज सकाळी आधी तिथल्या बातम्या उघडायचे, आणि बघवायचं नाही.

तिसरं, अर्जेंटिनाच्या कोरिएंतेस प्रांतातली इबेराची दलदल. तिच्याबद्दल पुढे शत्रूंच्या प्रश्नात लिहिलं आहे.

ब्राझीलच्या पियाउई राज्यात ‘सेरा दा कापिवारा’ नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. १९९१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे, ते तिथल्या हजारो प्राचीन शैलचित्रांमुळे. त्या चित्रांत कॅपिबाराही रंगवलेले आहेत. म्हणजे हा प्राणी न्याहाळणारी माणसं तिथे हजारो वर्षांपासून आहेत.

दिवसभर पाण्यात काय करत असतो?

उन्हापासून अंग वाचवतो, शत्रूपासून जीव वाचवतो, आणि मीलनही पाण्यातच करतो. नर मागे लागला आणि मादीला तो नको असला तर ती सरळ बुडी मारते किंवा काठावर निघून जाते.

त्याचं तोंड एकदा बाजूने नीट पहा. नाकपुड्या, डोळे आणि कान, तिन्ही डोक्याच्या अगदी वरच्या भागात आहेत, पाणघोड्यासारखे. बाकी सगळं अंग पाण्याखाली ठेवून तो श्वास घेतो, पाहतो आणि ऐकतो. तळ्यावर संध्याकाळी मला कितीदा तरी तरंगणारं लाकूड वाटायचं, आणि मग त्याचा कान हलायचा. धोका जाणवला की तो पूर्ण बुडी मारतो आणि पाच मिनिटांपर्यंत खाली राहू शकतो. नाक तेवढं वर ठेवून तो पाण्यात झोपही काढतो.

खातो काय?

गवत आणि पाणवनस्पती. मोठा कॅपिबारा दिवसाला तीन किलोच्या आसपास ओलं गवत खातो. पण समोर येईल ते खात नाही, त्यातलं चांगलं निवडून खातो. कोरड्या दिवसांत चांगलं गवत संपलं की लव्हाळी, झाडाची साल असंही चालवून घेतो. दात आयुष्यभर वाढत राहतात, पुढचे पटाशीचे आणि मागच्या दाढाही. गवतात सिलिका असते, ती दात झिजवते. झीज आणि वाढ यांचा मेळ बसला तरच तोंड धड राहतं.

शेताजवळ असला तर मका, भात आणि ऊसही खातो. माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, उसाच्या पट्ट्यातलं. रानडुकरांनी रात्रीत लोळवलेला फड मी लहानपणापासून पाहत आले आहे. कॅम्पिनासजवळ पिरासिकाबा नावाचा भाग आहे, तोही उसाचाच. तिथल्या नदीकाठच्या शेतांत कडेचे ऊस बुडातून तिरपे कापल्यासारखे दिसले तेव्हा बरोबरच्या शेतकऱ्याने एकच शब्द उच्चारला, “कापिवारा.” त्याच्या स्वरातला वैताग मला भाषांतर न करता समजला.

तो स्वतःची विष्ठा खातो हे खरं आहे का?

खरं आहे, आणि नाक मुरडू नका, कारण यातच त्याच्या पोटाची खुबी आहे. गाय-म्हैस रवंथ करते. तिचा चारा आधी आंबतो, मग पुन्हा तोंडात येऊन चावला जातो. कॅपिबाराचं गवत आंबतं ते आतड्याच्या शेवटाकडच्या मोठ्या पिशवीत, म्हणजे अंधांत्रात. तोवर अन्नरस शोषून घेणारं लहान आतडं मागे पडलेलं असतं. जीवाणूंनी तयार केलेली प्रथिनं आणि जीवनसत्त्वं वाया जाऊ नयेत म्हणून तो सकाळच्या वेळी ती मऊ विष्ठा परत खातो. सशाचंही असंच असतं. काठावर पडलेल्या टणक लेंड्या वेगळ्या. त्या तो खात नाही.

आणखी एक. माणसाप्रमाणे त्याच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही, गिनीपिगच्याही नाही. प्राणिसंग्रहालयात ताजा हिरवा चारा कमी पडला तर कॅपिबाराला स्कर्व्ही होतो.

कळपात कोणाचं चालतं?

एका कळपात साधारण एक मुख्य नर, काही माद्या, त्यांची पिल्लं आणि कडेकडेने राहणारे दोन-चार दुय्यम नर. मुख्य नर ओळखायचा तर नाकाच्या वरचा भाग पहा. तिथे केस नसलेला, काळा, चकचकीत उंचवटा असतो. ती गंधग्रंथी. माद्यांमध्ये ती जवळजवळ दिसत नाही. नर ती झुडपांवर घासतो आणि आपला वास सोडतो. दुय्यम नरांना तो पुन्हा पुन्हा हाकलतो, पण कळपातून कायमचं काढत नाही. ते कडेला असतात आणि धोका बऱ्याचदा त्यांनाच आधी दिसतो. मग त्यांच्यापैकी एखादा भुंकतो. आवाज कुत्र्यासारखा, पण तुटक, खोकल्यासारखा. तेवढ्यावर सगळा कळप पाण्यात.

पिल्लांबद्दल सांगा ना.

हा प्रश्न आमच्या धाकट्या भाचीचा, दर वेळी. मादीचा गर्भकाळ १३० ते १५० दिवसांचा. एका वेताला बहुतेक वेळा चारेक पिल्लं, कधी एक, कधी आठ. वीण जमिनीवर होते. पिल्लं जन्मतःच डोळे उघडलेली, अंगावर केस आणि तोंडात दात असलेली. आठवड्याभरात गवत कुरतडू लागतात, पण दूध चारेक महिने पितात. आणि ते फक्त आपल्याच आईचं नाही. कळपातली दूध असलेली कोणतीही मादी त्यांना पाजते. एका मादीच्या मागे वेगवेगळ्या वयांची सात-आठ पिल्लं लागलेली मी पाहिली आहेत. ती चरत होती आणि पिल्लं सारखी बारीक शीळ घातल्यासारखा आवाज करत होती. तो आवाज थांबतच नाही. आईला आणि एकमेकांना ती त्यावरून धरून राहतात.

पहिल्या वर्षात बरीच पिल्लं शिकार होतात. जगली तर रानातलं आयुष्य आठ-दहा वर्षांचं, बंदिवासात बाराएक.

शत्रू कोणकोण?

जग्वार, प्यूमा, अ‍ॅनाकोंडा, मगरवर्गातले केमन. पिल्लांना ऑसेलॉट नावाचं रानमांजर, गरुड आणि गिधाडंही उचलतात. जमिनीवर कॅपिबारा ताशी ३५ किलोमीटरच्या वेगाने धावू शकतो, पण थोडाच वेळ. त्याचा भरवसा पाण्यावर.

आता इबेरा. तिथून जग्वार साधारण सत्तर वर्षांपूर्वी नाहीसा झाला होता. कार्पिंचो मात्र भरपूर वाढले. मग तिथे जग्वार परत आणायचं ठरलं. २०२१ च्या जानेवारीत एक मादी आणि तिची दोन पिल्लं त्या दलदलीत मोकळी सोडली गेली. त्यांचं मुख्य खाणं कोणतं असणार हे ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. कार्पिंचो मला इतके आवडतात, तरी ही बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता. ज्या दलदलीत कार्पिंचोला कान टवकारून चरावं लागतं, ती दलदल पूर्ण आहे.

त्याची सगळ्या प्राण्यांशी मैत्री असते का?

व्हिडिओत पाठीवर पक्षी बसलेले, शेजारी मगर पहुडलेली, अंगावर माकड. फोटो बहुतेक खरे असतात, पण त्यांचा अर्थ आपण लावतो तसा नसतो.

पक्ष्यांचं आधी घेऊ. पाठीवर बसणाऱ्या पक्ष्याला उंच बैठक मिळते आणि कॅपिबाराच्या पावलांनी गवतातून उडणारे किडे आयते मिळतात. आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर बगळा किंवा कोतवाल बसतो तसंच. काही पक्षी त्याच्या अंगावरच्या गोचिडी टिपतात. त्यासाठी कॅपिबारा कुशीवर आडवा होऊन पोट उघडं करतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. पिवळ्या डोक्याचा काराकारा पक्षी मांडीच्या आतल्या बाजूला चोच मारत होता आणि हा डोळे मिटून पडला होता.

केमनचं असं की पांतानालमधल्या केमनचं मुख्य अन्न मासे. पन्नास-साठ किलोच्या कॅपिबाराच्या वाटेला तो सहसा जात नाही. पिल्लू एकटं सापडलं तर गोष्ट वेगळी.

आणि शांतपणा? तळ्यावर मी एक पाहिलं. कळप काठापासून पाच-दहा पावलांवर असला की माणसं, सायकली, मुलांचा गलका, कशाचंच त्यांना काही वाटायचं नाही. तोच कळप पलीकडच्या हिरवळीवर, पाण्यापासून लांब गेला की सगळ्यांच्या माना सारख्या वर व्हायच्या आणि एखादी डहाळी मोडली तरी पळापळ व्हायची. तो शांत दिसतो कारण पाणी जवळ आहे. बाथटबमध्ये, कॅफेत किंवा कोणाच्या मांडीवर बसवलेला कॅपिबारा शांत आहे की गोठून गेला आहे, हे व्हिडिओवरून सांगता येत नाही.

चावतो का?

हो. सहसा माणसापासून दूरच जातो, पण कोंडीत सापडला किंवा पिल्लं जवळ असली तर चावतो, आणि पटाशीचे दात खोल जातात. अंगावर गेलेल्या कुत्र्यांना चांगल्या जखमा झालेल्या मी ऐकल्या आहेत. जवळ जाऊन सेल्फी घेऊ नका.

शहरांत कसे काय आले?

ते शहरात आले असं म्हणण्यापेक्षा शहर त्यांच्याकडे गेलं म्हणा. ब्राझीलमधली मोठी शहरं नद्यांच्या खोऱ्यांत पसरली. नदीकाठी कापलेलं हिरवं गवत, उद्यानांत तळी, जग्वार नाही, आणि १९६७ पासून रानटी प्राण्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी. आता साओ पाउलोच्या पिन्येरोस नदीकाठी, कुरितिबाच्या बारिगी उद्यानात, बेलो होरिझोंतेच्या पांपुल्या तळ्यावर आणि ब्राझिलियाच्या पारानोआ तळ्याकाठी ते सहज दिसतात.

अर्जेंटिनात यावरून मोठा वाद झाला. बुएनोस आइरेसच्या उत्तरेला नोर्देल्ता नावाची श्रीमंतांची बंदिस्त वसाहत आहे. ती पाराना नदीच्या पाणथळ जमिनीवर भराव घालून बांधलेली. २०२१ मध्ये तिथल्या बागांत कार्पिंचोंचे कळप फिरू लागले आणि रहिवाशांनी तक्रारी केल्या. देशभरातल्या लोकांनी कार्पिंचोंची बाजू घेतली, कारण ती जमीन आधी कोणाची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझंही मत तेच आहे.

त्यांच्यामुळे आजार पसरतो का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

कॅम्पिनासच्या उद्यानांत गोचिडीचं चित्र असलेले इशारे लावलेले असतात. तिथे ‘फेब्रे माकुलोझा’ नावाचा ताप आहे. रिकेट्सिया जातीच्या जीवाणूमुळे होणारा, आणि ‘तारा गोचीड’ चावल्याने पसरणारा. कॅपिबारा आणि घोडे हे या गोचिडीचे आवडते यजमान. कॅपिबाराला हा जीवाणू लागला की काही दिवस तो त्याच्या रक्तात फिरतो. त्या दिवसांत रक्त पिणाऱ्या गोचिडी बाधित होतात. कॅपिबारा आजारी दिसत नाही. नंतर त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती येते आणि त्याच्यापासून गोचिडींना पुन्हा तसा संसर्ग होत नाही.

म्हणूनच ‘सगळ्यांना उचलून न्या’ हा उपाय उलटतो. जुना, प्रतिकारशक्ती आलेला कळप हलवला की रिकाम्या तळ्यावर नवा कळप येतो, त्याला ती शक्ती नसते, आणि चक्र नव्याने सुरू होतं. नवी पिल्लंही तशीच. त्यामुळे साओ पाउलो राज्यात काही ठिकाणी कळप आहे तिथेच ठेवून त्याची नसबंदी करतात. नराचे वृषण काढत नाहीत, फक्त नस बंद करतात. म्हणजे त्याचा दरारा टिकतो, तो बाहेरच्या नरांना हाकलत राहतो, आणि पिल्लं मात्र होत नाहीत. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

माणसासाठी हा ताप गंभीर आहे. २०२३ च्या जूनमध्ये कॅम्पिनासजवळ एका शेतावरच्या कार्यक्रमांना गेलेल्यांपैकी काहीजण त्याने दगावले. औषध आहे, डॉक्सिसायक्लिन, पण ते पहिल्या काही दिवसांतच सुरू व्हावं लागतं. तिकडे गेलात आणि दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना ‘मी गोचिडींच्या भागात गेले होते’ हे वाक्य न विचारता सांगा. गवतात बसू नका, फिकट रंगाचे पूर्ण कपडे घाला, पँट मोज्यांत खोवा आणि घरी आल्यावर अंग तपासा.

लोक कॅपिबारा खातात का?

व्हेनेझुएलात खातात, विशेषतः ईस्टरआधीच्या उपवासात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत पाळतात तोच हा चाळीस दिवसांचा काळ. त्यात मांस वर्ज्य, मासे चालतात, आणि पाण्यात राहणारा म्हणून चिग्वीरे माशांत धरला गेला. मांस खारवून वाळवतात. एके काळी शिकार इतकी झाली की १९६२ मध्ये तिथे बंदी आणावी लागली. मग युहानी ओयास्ती या जीवशास्त्रज्ञाने यानोसमधल्या कळपांचा कसून अभ्यास केला आणि त्या आधारावर मोजून-मापून परवाने द्यायला सुरुवात झाली. अर्जेंटिनात कार्पिंचोच्या कातड्याचे हातमोजे आणि बूट होतात. ते कातडं मऊ असतं आणि त्यावर बारीक ठिपके दिसतात.

जपानमध्ये ते गरम पाण्यात का बसतात?

ही प्रथा इझु शाबोतेन या प्राणिसंग्रहालयातली. १९८२ च्या हिवाळ्यात कुंपणातली जागा गरम पाण्याने धुताना कॅपिबारा त्या कोमट डबक्यात येऊन बसले, तेव्हापासून त्यांना दर हिवाळ्यात गरम कुंड देतात. पाण्यात युझु नावाची लिंबवर्गी फळं सोडतात, कारण जपानी माणसंही हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी युझु घालून आंघोळ करतात. उष्ण प्रदेशातल्या प्राण्याला थंडीत ऊब हवी असते, इतकं ते साधं आहे.

नामशेष होण्याचा धोका आहे का?

एकूण जातीला सध्या नाही. आंतरराष्ट्रीय यादीत ती ‘कमी चिंताजनक’ गटात आहे. काही भागांत चोरट्या शिकारीमुळे संख्या घटली आहे. मला जास्त काळजी पाणथळ जागांची वाटते. दलदल बुजवली, नदीचा पूर अडवला, पांतानाल पुन्हा वाळून पेटलं, तर या प्राण्याला दुसरं घर नाही.

घरी पाळता येईल का?

नाही. आणि हे मी रागावून नाही, कळकळीने सांगते. त्याला बुडता येईल इतकं खोल पाणी रोज लागतं, ताज्या गवताचा ढीग लागतो, आणि त्याच्या जातीची सोबत लागते. एकटा कॅपिबारा सतत शिट्ट्या मारून कळपाला हाक देत राहतो. फ्लॅटमध्ये, टबात, कुत्र्याच्या खाण्यावर तो जगेल, पण दात वाढतील, कातडी फुटेल, आणि हाक कोणी ऐकणार नाही. कोणी विकायला आणला असेल तर तो कुठून आणि कसा आणला हे आधी विचारा, आणि घेऊ नका.

प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कुठे जावं?

पांतानालला जा, जुलै ते सप्टेंबरमध्ये, पाणी ओसरलेलं असतं तेव्हा. पोकोने गावापासून पोर्तो जोफ्रेपर्यंत ट्रान्सपांतानेरा नावाचा सुमारे १४५ किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. वाटेत शंभराहून जास्त पूल आहेत, आणि प्रत्येक पुलाखाली थांबण्यासारखं काहीतरी असतं. पहाटे निघा, दुपारी पडून राहा, पुन्हा चारनंतर बाहेर पडा. गर्दी नको असेल तर इबेरात कोलोनिया कार्लोस पेलेग्रिनी हे छोटं गाव आहे. तिथे तळ्यात नावेने फिरवतात आणि कार्पिंचो नावेपासून हातभर अंतरावर लव्हाळी खात बसलेले असतात.

एक गोष्ट विसरू नका. ब्राझीलहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र विमानतळावर मागतात, आणि ती लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. मान्यताप्राप्त केंद्रातच टोचून घ्या आणि ते पिवळं पुस्तक पासपोर्टला रबर लावून ठेवा. माझं आजही तसंच कपाटात आहे.